व्हॅनमधली जागा

लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या ग्रुपबरोबर मी उत्तर फ्रान्समध्ये सायकलवर फिरायला गेले. सांगलीत मी कॉलेजला सायकलनेच जायचे, पण इथे पहिल्याच चढावर मागे पडले. सगळे माझ्यासाठी थांबत राहिले आणि मुक्कामाच्या गावात पोचेपर्यंत एकुलत्या एका रेस्टॉरंटमधलं जेवण संपलं.

"आई, उद्या तू सामानाच्या व्हॅनमध्ये बस," लेक अनिश म्हणाला. "तुझ्यामुळे सगळे उपाशी राहिले."

"आणि मागे वळून बघून माना दुखल्या," सून निधी.

सकाळी मी, वाटेत सगळ्यांना खायला म्हणून घरून आणलेले सगळे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या सायकलच्या टोपलीत भरली आणि निघाले.



दिवसभर माझ्या पुढे कोणी गेलं नाही. चढ आला की अनिश मागून म्हणायचा, "सावकाश, आई. काही घाई नाही."