शाबूत बांगड्या

मिरच्या वाळत घालताना कमल घराच्या धाब्यावरून पडली, उजवा कोपर मोडला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "आजच ऑपरेशन करू. हात सुजलाय, बांगड्या फोडाव्या लागतील." सासू आडवी आली. "मना पोऱ्या जित्ता शे, बांगड्या कसाले फोडतस?" जित्ता पोऱ्या खाली बघत राहिला. सासूने सुनेला एसटीत घालून शिंदखेड्याला आणलं. हाडवैद्याने बांगड्यांना धक्का न लावता बांबूच्या कामट्या आवळल्या. महिन्याने सूज उतरल्यावर बांगड्या साबणाने निघाल्या, तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. तोवर हाड वाकडं जुळलं होतं. कोपर पुन्हा वाकला नाही. आज संक्रांत. कमलच्या ताठ हातात त्याच बांगड्या वाजतायत, पण हात कपाळापर्यंत पोचत नाही. डाव्याने कुंकू लावत नाहीत. सासू करंडा घेऊन आली. कमल म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमना पोऱ्या जित्ता शे ना, त्याले सांगा."