नशेचं बटण

सरूबाईनं नवऱ्याच्या उशाशी ठेवलेलं बटण उचललं आणि आपल्या मुठीत धरलं. "हे अफूच्या जातीचं हाय म्हनं. सोसा जरा."

बजरंगनं निमूटपणे मान हलवली. त्याच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ कालच काढली होती. पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके होते. दुखलं की पेशंटनं स्वतः बटण दाबायचं, मग शिरेतून बेतानं औषध जायचं, अशी सोय हॉस्पिटलनं केली होती.

पण सरूबाईचं तोंड दुधानं पोळलेलं. हिंजवडीची जमीन कंपन्यांना गेली, घरात पैसा आला आणि त्याच्या मागोमाग बाटली आली. हातचा गेलेला माणूस तिनं कसाबसा माघारी आणला होता. आता कॅन्सरातून सोडवून त्याला पुन्हा नशेच्या हवाली करायचं? त्यापेक्षा चार दिवसांचं दुखणं परवडलं. आणि बजरंग तरी कुठं कुरकुरत होता? पैलवान गडी, दात आवळून पडला होता. तिला त्याचा अभिमानच वाटला.

सकाळी त्याला ताप चढला. डॉक्टर शर्मिलांनी छाती तपासली. "काका, जोरात खोका बरं."

बजरंगनं पोट धरलं आणि घशातल्या घशात खाकरल्यासारखं केलं.

सरूबाईच्या मुठीकडं डॉक्टरांचं लक्ष गेलं. "मावशी, दुखतंय म्हणून हे खोकत नाहीत, पुरता श्वासही घेत नाहीत. छातीत कफ साठायला लागलाय. गाठ निघाली, पण न्यूमोनियानं माणूस हातचा जाईल. त्यांच्या दारूचं ठाऊक आहे आम्हाला. तेवढं जपूनच औषध लावलंय."

सरूबाईनं मूठ उघडली. वाचवते वाचवते म्हणत आपणच त्याला मारत होतो. तिनं बटण त्याच्या हातात दिलं.

"दाबा."

बजरंगचा अंगठा हलेना.

"अवो, दाबा की! आता मीच सांगतीया न्हवं?"

"कसं दाबू?" त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. "परत नशा केली तर तुझं मढं बघीन, आसं तुझ्या गळ्याला हात लावून बोललोय. आदी शपथ सुटली म्हन."