कोपऱ्यापर्यंत धक्का

तीस वर्षांत मिस्त्रीने एकाही गाडीपुढे हात टेकले नव्हते. काकांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घरापुढे कितीही किका मारल्या तरी ढिम्म असते, पण काकूंनी मागून ढकलत नेली की रोज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशीच सुरू होते, हे कानावर आल्यावर तो न बोलावताच पाने घेऊन हजर झाला.

त्याने प्लग काढला. ठिणगी झकास पडत होती, पण प्लग ठणठणीत कोरडा. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. टाकीखाली हात घातला आणि त्याला हसूच फुटलं. पेट्रोलचा कॉक बंद होता. त्याने तो उघडला, प्लग बसवला, दोन किका मारल्या आणि गाडी फटफटायला लागली.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी लगबगीने गाडी बंद केली, कॉकही पुन्हा फिरवला.

"कुठे बोलू नकोस," ते घराकडे बघत कुजबुजले. "डॉक्टरांनी हिला रोज चालायला सांगितलंय. नुसतं फिरायला चल म्हटलं की हिचे गुडघे दुखतात. माझी गाडी अडली म्हटल्यावर मात्र कोपऱ्यापर्यंत येते. तिथे गेलो की मी हळूच कॉक उघडतो."

आतून काकूंचा आवाज आला, "सुरू झाली वाटतं?"

मिस्त्रीने पाने आवरले. "पुन्हा बंद पडली, काकू. या गाडीपुढे मी हात टेकले. ढकलावीच लागणार."

"कटकट आहे नुसती," म्हणत काकू दारात आल्या. बुटांच्या नाड्या केव्हाच बांधून झाल्या होत्या.