तळटीप

‘आमच्या गल्लीवर बॉम्ब पडला आणि सात माणसं गेली.’ सुदानहून आलेल्या इद्रिसच्या निबंधातल्या या वाक्याखाली खांबेटेबाईंनी सवयीनं लाल पेनानं लिहिलं, ‘संदर्भ?’ विद्यापीठात जाण्याआधी पुण्यात इंग्रजी पक्कं करायला आलेल्या परदेशी मुलांच्या गळी त्या हेच उतरवत: आधाराशिवाय एक ओळही लिहायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं निबंध परत आणला. पानाच्या तळाशी टीप होती, अगदी शिकवल्याबरहुकूम: ‘हलीमा उस्मान, लेखकाची आई. फोनवरचं बोलणं, चौदा मार्च.’

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. “बरोबर आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“नाही मॅडम,” तो खालमानेनं म्हणाला. “वाचणाऱ्याला संदर्भ तपासता आला पाहिजे, तुम्हीच सांगितलंत. त्या दिवसापासून आईचा फोन लागत नाही. मार्क जातील का?”