मागे राहायचं काम

धुक्यात लोवरीची लाल टोपी दिसेनाशी झाली, तसे एम्रिसने घाईघाईने पाय उचलले.

गावच्या धावमंडळाची टेकडीची शर्यत होती. बाकीचे केव्हाच माथा ओलांडून पलीकडे उतरले असतील. सगळ्यांत मागे लोवरी, आणि तिच्या मागे पिवळं जाकीट घातलेला एम्रिस. मंडळाची रीतच तशी होती. पिवळ्या जाकिटाने शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि शर्यत संपायची रेघ त्याच्यानंतर ओलांडायची, म्हणजे बाकीचं कुणीच शेवटचं ठरत नाही. हे काम कित्येक वर्षं एम्रिसकडे होतं. शर्यतीनंतर चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत चहा आणि मनुकांचा पाव असायचा, आणि मंडळातली बेरिल निकाल खालून वर वाचायची. पहिलं नाव एम्रिसचं. लोक टेबलं बडवायचे. शेवटचा येऊन एवढा मान अख्ख्या वेल्समध्ये दुसऱ्या कुणाला मिळत नसेल.

सकाळीच बेरिलने सगळ्यांदेखत त्याची फिरकी घेतली होती. "एम्रिस, माणसं नीट बघून आण हो. मागच्या खेपेला तू मेंढीच्या मागून आलास."

"तुझ्यापेक्षा बरी धावत होती ती," एम्रिस म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

आता त्याला हसू येत नव्हतं. गेल्या वर्षी लोवरीच्या मागे राहायचं म्हणजे त्याला पाय आवरून धरावे लागायचे. आज तेच पाय ओढावे लागत होते. ती काही वाऱ्यासारखी पळत नव्हती, पण त्याच्या हातून सुटत चालली होती. जाकीट अंगात आहे तोवर म्हातारा मुद्दाम हळू धावतो असंच लोक समजणार. ते उतरवलं की तो नुसता शेवटचा. आणि ज्याच्या नजरेतून माणूस सुटला, त्याने जाकीट उतरवायचं, हे त्यानेच कधीतरी ठासून सांगितलं होतं.

धुकं दाट झालं. दोन पावलांपुढची वाटही दिसेना. एक मेंढी पांढऱ्यातून बाहेर आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि पुन्हा पांढऱ्यात विरून गेली. त्याचा स्वतःचा श्वास त्याला शेजारून धावणाऱ्या दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागला. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. सगळ्यांच्या पुढे असलं तरी असंच दिसतं, त्याच्या मनात आलं. क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपण पहिले आहोत, बाकीचे मागे कुठेतरी धापा टाकताहेत, आणि ही टेकडी अशीच हळूहळू चढत कुठल्या कुठे जाणार आहे. फार बरं वाटलं त्याला.

"काका, आलात का?"

लोवरी वाटेच्या कडेला ओणवी बसली होती. "नाडी सुटली मेली बुटाची."

"बांध, बांध. मला कुठे घाई आहे?" एम्रिस उपकार केल्यासारखा म्हणाला, आणि दम खाऊन घेतला.

ती उठली, धावली, पुन्हा दिसेनाशी झाली. दगडी कुंपणापाशी तो पोहोचला, तर पुन्हा ओणवी.

"परत सुटली बघा."

"गाठ मारायला शिक गं पोरी! आईने शिकवलं नाही का?"

"शिकवलं असतं तर तुमच्या पुढे कशाला असते? सगळ्यांच्या पुढे नसते का?"

उतारावरच्या फाटकापाशी ती तिसऱ्यांदा बसली होती. इथे धुकं विरळ झालं होतं. एम्रिस अगदी जवळ आला आणि त्याचं तिच्या पायांकडे लक्ष गेलं. बुटांना नाड्याच नव्हत्या. शाळकरी पोरांच्या असतात तशा दोन रुंद चिकटपट्ट्या होत्या, आणि त्या घट्ट लागलेल्या होत्या.

त्याची कानशिलं तापली. हिला कुणी सांगितलं होतं दया करायला? जाकीट काढून तिच्या अंगावर फेकावं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला तिचे गुडघे दिसले, ओल्या गवतात टेकून टेकून चिखलाने भरलेले. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. किती वेळ बसली असेल ही?

"चल," तो एवढंच म्हणाला.

खाली चॅपलची भिंत दिसली. सगळं मंडळ भिंतीला टेकून उभं होतं, टाळ्या वाजवत होतं. रेघ अगदी जवळ आली होती. आणि तिथेच एम्रिसचा श्वास छातीत अडकला. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो पडला असता. थांबला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

"लोवरी," तो कसाबसा म्हणाला.

तिने वळून पाहिलं.

"नाडी सुटलीय तुझी."

लोवरीने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. ती हसली नाही. होती तिथेच खाली बसली. एम्रिस तिच्या मागे उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, पिवळ्या जाकिटाने उभं राहावं तसा.

"ए लोवरी!" भिंतीकडून बेरिल ओरडली. "आता दारात येऊन कसली नाडी बांधतेस? चहा गार होतोय!"

"थांब गं जरा!" लोवरी ओरडली. "नीट बांधू दे!"

आणि तिने ती नीट बांधली, सावकाश, दोन गाठी मारून.