चिंचेच्या पाण्यातला शंख

कृती :
श्रावणाच्या आदल्या दिवशी भवानीनगरच्या विजयमालाबाईंनी देवाची तांब्याची भांडी चिंचेच्या पाण्यात भिजवली. त्यांच्यासोबत शंखही टाकला.

निरीक्षण :
भांडी लखलखली. शंख मात्र खरखरीत झाला, त्याची चमक गेली.

"तुजाच हात लागला असंल," त्या सुनेवर घसरल्या. रेश्माला बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते आणि सासूबाई परवानगी देत नव्हत्या.

"आत्याबाई, शंख चुन्याचा असतो. आंबटात चुना विरघळतो. समुद्रात बी तेच चाललंय. धुरातला कर्बवायू पाण्यात मुरतो, पाण्यातलं आम्ल वाढतं, मग शंखशिंपल्यांना कवच धरायला जड जातं."

"समुद्रात चिंच कुणी कालवली म्हणं?"

"आपणच. गाड्यांच्या न् कारखान्यांच्या धुरानं."

"शिकून हेच सुचतं व्हय गं!"

अनुमान :
दुपारी शेजारच्या काकूंनी शंख हातात घेतला. "अगं बया, ह्याला काय झालं?"



"धूर बाधला त्याला," विजयमालाबाई ठामपणे म्हणाल्या. "समुद्रातल्या शंखांचं बी हेच झालंय. खोटं वाटत असंल तर माज्या सुनंला इचारा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हाय ती."