चित्र क्रमांक सतरा

सतरा नंबरचं चित्र टेबलावर आलं आणि प्रभाच्या पोटात दुखायला लागलं.

आल्प्सचं शिखर, पहाटेचं ऊन आणि बर्फावर हिरवट सावली. बर्फाची सावली सगळे निळी रंगवतात; हिरवट रंगवणारी अख्ख्या म्युनिकमध्ये एकच, शिवांगी. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपाठी आलेली बाई. प्रभाने वीस वर्षं हेच डोंगर रंगवले आणि पेपरात फोटो मात्र हिचा! स्पर्धेत नावं झाकलेली होती, पण हात थोडाच झाकता येतो?

बक्षीस म्हणजे डोंगरातला स्टुडिओ, वर्षभरासाठी. प्रभाने पूर्वी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा नकार. यंदा तिला परीक्षक नेमलं, तेही गुपचूप. घरीसुद्धा बोलायचं नाही, अशी अट. तिने लेकीलाही पत्ता लागू दिला नव्हता. तशी अवनीला तरी कुठे फुरसत होती? दर शनिवारी हँडबॉल. गेल्या महिन्यात कॅम्पहून तापाने फणफणून आली, तरी विचारलं तर "आलेस गूट, सगळं ठीक आहे, आई," एवढंच.

"गेनाऊ, अगदी बरोबर! पहिलं बक्षीस हेच," सहपरीक्षक ब्रांडल म्हणाले.

"हे फोटोवरून काढलंय," प्रभा शांतपणे म्हणाली. "नियमात बसत नाही."

"खात्री आहे?"

"वीस वर्षं डोंगर बघतेय मी."

फोटोचं ते धडधडीत खोटं होतं. असं ऊन पकडायचं तर अंधारापासून बर्फात कुडकुडत बसावं लागतं, हे प्रभाइतकं कोणाला ठाऊक? ब्रांडलनी उसासा टाकून चित्र बाद केलं. प्रभाला अगदी गार गार वाटलं.

पुढच्या रविवारी मंडळाच्या हळदीकुंकवाला शिवांगी भेटली. चेहरा उतरलेला. प्रभाला राहवेना.

"काय गं, यंदा स्पर्धेचं काय झालं तुझं?" तिने साखर पेरत विचारलं.

"मी उतरलेच नव्हते, प्रभाताई. माझी एक विद्यार्थिनी होती. फोटोवरून काढलंय म्हणून बाद केलं हो तिला! माझ्यादेखत बर्फात बसून काढलं होतं पोरीने, आजारी पडली त्यापायी." शिवांगीने आवाज खाली आणला. "बक्षीस मिळेपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं होतं तिने माझ्याकडून. पण आता तुम्हीच जवळ घ्या तिला. काल माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली अवनी."